सिहोरा रोड आणि सिहोऱ्याचा रस्ता

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की गोसलपूर मागे पडल्यावर थोड्या वेळानं पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत नाव येतं: सिहोरा रोड. पहिल्यांदा जाणारा माणूस उतरतो आणि गाव शोधू लागतो. समोर खितौला दिसतं, बाजार दिसतो, रिक्षावाले हाका मारतात, पण सिहोरा अजून पुढेच असतं. खरं म्हणजे रेल्वेनं ते पाटीवरच सांगून ठेवलेलं आहे. ‘रोड’ म्हणजे इथून त्या गावाला रस्ता जातो, गाव इथं नाही.

अलाहाबाद ते जबलपूर हा ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा १८६७ साली सुरू झाला. मुंबईकडून आलेले ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचे रूळ त्याला १८७० च्या मार्चमध्ये जबलपुरात येऊन मिळाले आणि मुंबई-कलकत्ता असा सलग लोहमार्ग झाला. रूळ टाकणाऱ्यांना चढ-उतार आणि नद्या सांभाळायच्या होत्या. वाटेतलं प्रत्येक गाव गाठत बसायला त्यांना सवड नव्हती. जे गाव बाजूला राहिलं त्याच्या नावापुढे ‘रोड’ लागलं. मराठी वाचकाला हे काही नवीन नाही. डहाणू रोड, वसई रोड, भिवंडी रोड, नाशिक रोड, आणि कोकण रेल्वेवर राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. राजापूर रोडला पहाटे उतरून ‘आलं राजापूर’ म्हणणाऱ्या चाकरमान्याला तो ‘रोड’ किती लांबीचा आहे ते चांगलंच कळतं.

माझी एक मावशी नागपूरकडची, सिहोऱ्याला दिलेली. तिच्या लग्नपत्रिकेवर गावाच्या नावाशेजारी जबलपूर हे आवर्जून छापलं होतं, कारण भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात आणखी एक सिहोरा आहे. शिवाय भोपाळजवळ सिहोर आहे ते निराळंच. मावशी माहेरी आली की तिला पत्ता सांगायला लावणं हा आम्हा पोरांचा खेळ असे. “सिहोरा रोडला उतरायचं, तिथून सिहोऱ्याच्या रस्त्यानं निघायचं, तिगड्ड्यावरून उजव्या हाताला मुडायचं.” सिहोरा रोड आणि सिहोऱ्याचा रस्ता हे तिच्या तोंडी दोन वेगळे पदार्थ होते. पहिलं ठिकाण होतं, दुसरी वाट. फरक सगळा मागे लागलेल्या शेपटात होता: ‘रोडला’ आणि ‘रस्त्यानं’.

हे शेपूट फार बोलकं असतं. नाशिक रोडचंच घ्या. स्टेशनच्या नावातला ‘रोड’ बघता बघता एक आख्खं उपनगर झाला, नोटांचा छापखाना तिथं आला, वस्ती वाढली, आणि माणसं म्हणू लागली, “आम्ही नाशिक रोडला राहतो.” नाशिक रोडवर राहतो असं तिथला कुणी म्हणणार नाही. पुण्यात मात्र माणूस कर्वे रोडवर राहतो, कर्वे रोडला क्वचित. ‘वर’ लागलं तर रस्ता अजून रस्ता आहे, ‘ला’ लागलं की त्याचं गाव झालं. मीरा रोडचं तेच झालंय. या बदलाची नोंद कुठल्या सरकारी कागदात होत नाही. ती विभक्तीच्या प्रत्ययात होते.

एकदा हे लक्षात आलं, की मराठी बोलणारा माणूस जागेबद्दल किती बारकाईनं बोलतो ते दिसायला लागतं. ‘गावाला गेलाय’ म्हणजे सुट्टी काढून, पिशवी भरून, मूळ गावी. ‘गावात गेलाय’ म्हणजे किराणा आणायला, येईल अर्ध्या तासात. पोरगा ‘शाळेत’ असतो, मास्तर ‘शाळेवर’ असतो. ‘शेतात’ शिरलं की पायाखाली पीक आलं. ‘शेतावर’ गेलं की खाट, विहीर, झाडाची सावली, गडीमाणसं असं सगळं आलं. बायका नदीवर जातात, म्हशी नदीत जातात. आणि वस्त्यांमध्ये जुन्या, चारी बाजूंनी बांधून काढलेल्या वस्तीला ‘त’ जास्त मानवतो असं मला वाटतं: कसब्यात, सदाशिव पेठेत, गिरगावात. पसरलेल्या, कडा नसलेल्या वस्तीला ‘ला’ बरा: कोथरूडला, कांदिवलीला. जबलपूरची मराठी मंडळी ‘राईट टाऊनला’ आणि ‘सदरला’ म्हणतात, तेव्हा मोकळे बंगले आणि छावणीचा बाजार डोळ्यांपुढे येतो. दीक्षितपुऱ्यात मात्र ते ‘त’नंच शिरतात, कारण तिथं शिरावंच लागतं.

आता शेपटाकडून मूळ शब्दाकडे. आपल्याकडे पायाखालच्या जमिनीला मुख्य शब्द तीन: वाट, रस्ता, मार्ग. वाट आपली घरची, संस्कृत ‘वर्त्म’पासून प्राकृतातून झिजत आलेली. रस्ता फारसीतून आला. मार्ग संस्कृतातून जसाच्या तसा उचलला आणि नगरपालिकेच्या निळ्या पाटीवर जाऊन बसला. अर्थ तिघांचा एकच, पण नशीब बघा. माणूस ‘मार्गी लागला’ म्हणजे नोकरी लागली, लग्न झालं, आईबाप सुटले. ‘रस्त्यावर आला’ म्हणजे धंदा बुडाला, घर गेलं. आणि ‘वाट लागली’ म्हणजे संपलंच. एकाच जमिनीवरून तीन माणसं तीन ठिकाणी पोचली.

यातली खरी श्रीमंती वाटेजवळ आहे. वाट पाहणे यात थांबणं म्हणजे रस्त्याकडे डोळे लावून बसणं आहे. बुंदेलखंडातली म्हातारीही ‘बाट’ जोहते. कुणाला वाटेला लावणं म्हणजे वेशीपर्यंत जाऊन निरोप देणं, आणि त्याचीच वाट लावणं म्हणजे त्याला कामातून घालवणं. कुणाच्या वाटेला जाऊ नये. कुणाकडे जाताना वाट वाकडी करावी, म्हणजे मुद्दाम वळसा घेऊन भेटून यावं. पायाखालची वाट अंधारातही सापडते. आणि वहिवाट! पायांनी वर्षानुवर्षं वाहून पाडलेली वाट. हा शब्द आता तलाठ्याच्या दप्तरात आणि दिवाणी कोर्टात राहायला गेलाय. शेताच्या बांधावरून तुमचे आजोबा जात होते, तुमचे वडील जात होते, म्हणून तुम्हालाही जायचा हक्क आहे, एवढं सगळं त्या चार अक्षरांत मावतं. रस्ता बांधावा लागतो, मार्गाला नाव द्यावं लागतं. वाट चालण्यानंच पडते, म्हणून वाक्प्रचारही तिच्याच वाट्याला जास्त आले असावेत.

याउलट गल्ली. तिला भाषेत कुणी मान देत नाही. ‘गल्लीतला पुढारी’, ‘गल्लीबोळ’, ‘गल्ली ते दिल्ली’. रस्ता जितका अरुंद तितकी त्यावरच्या माणसाची किंमत कमी, असा काहीतरी हिशेब आपल्या पूर्वजांनी मांडलेला दिसतो. हिंदीतली सडकही त्यातून सुटली नाही. ‘सडकछाप’ हा शब्द आपण तिच्याकडूनच उसना घेतला.

वाटेबद्दल बोलताना सिहोऱ्यापाशी थांबायला आणखी एक कारण आहे. सिहोऱ्यावरून जाणारा आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३०, २०१० ची नवी क्रमवारी लागण्यापूर्वी क्रमांक ७ होता, वाराणसी ते कन्याकुमारी. त्याहीपूर्वी तो मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरला उतरणारा दख्खनचा हमरस्ता होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठी मिर्झापूरला जायचा तो याच बाजूनं. बंजाऱ्यांचे तांडे, फौजा, काशीला निघालेले यात्रेकरू सगळे या वाटेवर. जबलपूरचा मुलूख १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आला, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे, आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे. म्हणजे जवळजवळ छत्तीस वर्षं या रस्त्यावर मराठी अंमल होता.

सिहोरा रोडच्या पुढे याच रेल्वेमार्गावर स्लीमनाबाद रोड नावाचं स्टेशन लागतं. तिथंही ‘रोड’. हे गाव विल्यम हेन्री स्लीमनच्या नावाचं. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून त्याचं नाव झालं आणि त्याचं मुख्य ठाणं जबलपूर होतं. फितूर झालेल्या कैद्यांना बोलतं करून त्यानं त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोश तयार केला. ‘रामासियाना’ नावाचं ते पुस्तक १८३६ मध्ये कलकत्त्यात छापलं गेलं. स्लीमननं रंगवलेलं ठगांचं चित्र कितपत खरं आणि कितपत कंपनी सरकारच्या सोयीचं, यावर इतिहासकारांत वाद आहे आणि तो रास्त आहे. पण शब्दांपुरतं बोलायचं तर त्या कोशात एक शब्द फार अस्वस्थ करतो: ‘बेल’. प्रवाशाला मारण्यासाठी आधीच हेरून ठेवलेली जागा. पाणी जवळ, झाडी दाट, पुरायला माती मऊ. आपण ज्याला ‘विसाव्याला छान जागा’ म्हणू, तीच. रस्त्याच्या कडेच्या त्याच आमराईला यात्रेकरूचा शब्द वेगळा आणि मारेकऱ्याचा वेगळा. मराठीत अशा माणसासाठी ‘वाटमाऱ्या’ आहे. त्यातली वाट ही पुन्हा तीच आपली गरीब वाट.

इथं मला थोडं लांब जायचंय, हाँगकाँगला. तिथली आणि दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातली कँटोनीज बोली रस्त्यावरच वाढलेली आहे म्हणा ना. बाजारात, घरांच्या खुराड्यांत, ट्राममध्ये. जागांचं वर्णन करणारे तिचे वाक्प्रचार वाचताना सारखं वाटत राहतं की हे आपण कुठंतरी ऐकलंय.

दुकानात गिऱ्हाईक नाही, बाजार थंड आहे, तर कँटोनीज माणूस म्हणतो ‘पाक वू यिंग’. शब्दशः अर्थ, माश्या मारणं. अगदी आपल्यासारखं. लालबागचा वाणी आणि हाँगकाँगमधल्या कौलूनचा वाणी एकमेकांना न भेटता एकाच माशीमागे लागलेले आहेत. पुढं बंद होणाऱ्या बोळाला ते ‘बोथट डोक्याची गल्ली’ म्हणतात. घर लहान असेल तर ‘टोफूच्या तुकड्याएवढं’. आपली खोली काडेपेटीएवढी असते, खुराड्याएवढी असते, पण खाण्याच्या पदार्थाएवढी नसते. सगळ्यांना कळलेली गोष्ट तिथं ‘रस्त्याला ठाऊक, गल्लीला ऐकू आलेली’ असते. आपल्याकडे ती ‘गावभर’ होते. शहर आणि गाव यातला फरक तेवढाच.

लांबच्या, आडवळणाच्या ठिकाणासाठी त्यांच्याकडे एक सुंदर बोल आहे: ‘मेघगर्जनेचा देवही नाही इतकं लांब’. म्हणजे आभाळात गडगडाट करणारा देवसुद्धा जिथवर पोचत नाही ते ठिकाण. मराठीत देवाची पोच कधी कमी पडत नाही, त्यामुळे आपण ‘आडगाव’ म्हणतो, ‘आडरान’ म्हणतो, ‘जिथं एसटी जात नाही’ म्हणतो. कँटोनीज माणसाला देव मोजायला लागतो, आपल्याला लाल डबा पुरतो.

ओस पडलेल्या रस्त्याचंही बघण्यासारखं आहे. मराठीत तिथं चिटपाखरू नसतं. हिंदीत ‘चिड़िया का पूत’ नसतो. कँटोनीजमध्ये भुताची सावलीसुद्धा नसते. शेताशिवाराजवळच्या भाषांनी रिकामपण पाखरावरून मोजलं, कारण माणसं गेली तरी पाखरं उरतात आणि तीही नसली की मग खरंच काही नाही. शहरात पाखरं आधीच गेलेली. तिथं उरतं ते भूत. हा माझा तर्क आहे, पण मला तो आवडतो.

गोंधळासाठी तर दोन्हीकडे इतिहास कामाला लावलेला आहे. चीनमध्ये सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सात राज्यं एकमेकांशी लढत होती. त्यावरून कँटोनीजमध्ये आजही पसारा पडलेल्या खोलीला किंवा गर्दीच्या बाजाराला ‘सात राज्यांइतका गोंधळ’ म्हणतात. आपल्याकडे ‘मोगलाई माजली’ असं म्हणतात, ‘पेंढारशाही’ म्हणतात, आणि सपाटून हार झाली की ‘पानिपत झालं’ म्हणतात. त्याहून मला ‘बजबजपुरी’ आवडते, कारण ती नकाशावर नसलेली नगरी आहे. आटपाट नगराची ही बिघडलेली धाकटी बहीण. पहिल्या नगरात राजा-राणी राहतात, दुसरीत बाकीचे आपण सगळे.

आणि शिवी. कँटोनीजमधली रोजच्या तोंडातली एक शिवी आहे ‘पुक गाय’, म्हणजे रस्त्यात तोंडावर पड. आपल्या ‘रस्त्यावर येशील’ या शापाशी तिचं नातं सरळ आहे. घर असलेल्या माणसाला रस्त्याची भीती सारखीच वाटते, मग तो हाँगकाँगचा असो की हिंगणघाटचा.

हाँगकाँगचं सगळ्यात गजबजलेलं ठिकाण इंग्रजीत ‘मोंगकोक’ म्हणून ओळखलं जातं. ते नाव जुन्या उच्चारावरून पडलेलं. पुढे चिनी लिपीत तिथं दुसरं अक्षर आलं, ‘वोंग’, म्हणजे भरभराटीचं. पाटीवर चिनीत ‘भरभराटीचा कोपरा’ आणि शेजारी इंग्रजीत अजून जुनंच नाव, अशी स्थिती आहे. कौलूनमध्येच एक मोदी रोड आहे, तो मुंबईत जन्मलेल्या हुरमसजी नवरोजी मोदी या पारशी व्यापाऱ्याच्या नावाचा. हाँगकाँग विद्यापीठ उभं राहिलं त्यात या माणसाचा मोठा वाटा होता. आणखी एका रस्त्याचं नाव ‘रेडनाक्सेला’ आहे. उलटं वाचा, अलेक्झांडर. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय असलेल्या कारकुनानं तसं लिहिलं, असं सांगितलं जातं. खरं असो नसो, सगळ्या जगात पाट्या लिहिणारा आणि पाट्या वाचणारा यांचं कधी पटत नाही.

परत आपल्याकडे येऊ. आपल्या वाक्प्रचारांत दोन जागा फार बदनाम आहेत: चव्हाटा आणि वेस. चार रस्ते मिळतात तो चव्हाटा; त्याच्या पोटात ‘हट्ट’, म्हणजे बाजार, दडलेला असावा, हिंदीत त्यालाच चौहट्टा म्हणतात. घरातली भानगड चव्हाट्यावर आली म्हणजे चारही बाजूंना गेली. वेशीवर टांगण्यात त्याहून एक पायरी पुढचं दुष्टपण आहे. चव्हाट्यावर निदान गावातलीच माणसं असतात. वेशीतून परगावचाही माणूस आत येतो. म्हणूनच ‘गाव तसं चांगलं, पण वेशीला टांगलं’. गंमत अशी, की खुद्द या जागांना लोक तितकं वाईट मानत नाहीत. बेळगावात चव्हाट गल्ली आहे, तिथली माणसं ते नाव अभिमानानं सांगतात. सिंधुदुर्गातल्या गावांत चव्हाटा हे देवाचं स्थान असतं, तिथं गाऱ्हाणं घातलं जातं. सोलापुरात बाळीवेस, तुळजापूर वेस ही नुसती पत्त्यातली नावं आहेत. तिथं कुणाची अब्रू टांगलेली नाही, असलीच तर रिक्षा थांबलेली आहे. वाक्प्रचारात जागा म्हणजे तिथं जमणारे डोळे. रस्ता रुंद की अरुंद, दगडी की मातीचा, याचं मराठीला फारसं कौतुक नाही. त्या रस्त्यावर माणसाचं काय होतं ते ती सांगते.

तीन रस्ते मिळतात त्या जागेवर तर भाषांचा नकाशाच काढता येईल. कोकणात तो तिठा. कोल्हापुरात तिकटी, मिरजकर तिकटी कोणाला माहीत नाही? हिंदीत तिराहा. आणि जबलपूर, सिहोरा, सागर या पट्ट्यात तिगड्डा. मावशी सासरी आली तेव्हा तिला हा शब्द ओबडधोबड वाटला होता, पुढे तो इतका अंगवळणी पडला की नागपूरला आल्यावर ती तिथल्या चौकांनाही तिगड्डा म्हणायची आणि हसं व्हायचं. नागपूरकरांना रस्ते तीन मिळोत की पाच, सगळा चौकच.

नागपूर आणि जबलपूर ही १८६१ पासून एकाच मध्य प्रांतातली शहरं. १९५६ मध्ये राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा एक मुंबई राज्यात आलं, दुसरं नव्या मध्य प्रदेशात राहिलं. तोवर कारकून, मास्तर, वकील, रेल्वेवाले यांची इकडून तिकडे ये-जा होती, आणि जबलपुरातली मराठी घरं बरीचशी त्या काळापासूनची. पेठांची नावं वाचत उत्तरेकडे सरका, म्हणजे भाषेची सीमा कुठं आहे ते पायाला लागतं. पुण्यात वारांच्या सातही पेठा आहेत आणि त्यात रविवार आहे. नागपुरात तोच वार ‘इतवारी’ होतो. बुधवारी, शुक्रवारी तशाच राहतात, फक्त पेठ गळते आणि ईकार लागतो. नागपुरात गंजीपेठ आहे, जबलपुरात गंजीपुरा. पेठेच्या जागी पुरा आला की समजायचं, सातपुडा ओलांडला. गंजावरून आठवलं: जबलपूरच्या मध्यभागी लॉर्डगंज आहे. विदर्भातल्या घरात गंज म्हणजे भात शिजवायचं पातेलं. नवी नवरी असताना मावशीला कुणी तरी “लॉर्डगंजातून घेऊन या” म्हटलं, आणि हे कोणत्या साहेबाचं पातेलं असा तिला प्रश्न पडला होता म्हणे. उर्वरित महाराष्ट्राला गंज म्हणजे लोखंडावरचा तांबडा थर. उत्तरेत गंज म्हणजे बाजार. सिहोऱ्याच्या आसपास लोहखनिजाच्या खाणी आहेत, त्यामुळे तिथं गाडीच्या टपावर बसणाऱ्या तांबड्या धुळीकडे बघून तिन्ही अर्थ एकदम आठवतात.

जबलपूरचा पत्ता तळ्यांनी सांगतात. अधारताल, रानीताल, चेरीताल, हनुमानताल, माढोताल, सूपाताल. शहरात बावन्न ताल होते असं जुनी माणसं सांगतात. राणी दुर्गावतीच्या काळाशी जोडलेली परंपरा अशी की रानीताल राणीचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि अधारताल तिचा दिवाण आधारसिंह याचा. चेरी म्हणजे दासी हे आज किती जणांना कळतं? पण तिच्या नावाचा पत्ता रोज हजारो पाकिटांवर लिहिला जातो. त्यातली बरीच तळी बुजली, त्यावर घरं, मैदानं, दुकानं आली. मुंबईच्या धोबी तलावावर उभं राहून तलाव शोधणाऱ्याला हे सांगायला नको. पुण्यात सारसबागेतलं पाणी गेलं, बाग झाली, तरी गणपती अजून ‘तळ्यातला’च आहे.

नावं अशी जागेपेक्षा चिवट असतात. पुण्याचा १९२३ मधला नवा पूल शंभरी ओलांडून गेला तरी नवा आहे, आणि लकडी पुलात लाकडाची ढलपीसुद्धा नाही. जबलपुरात ‘छोटी लाइन फाटक’ नावाची वस्ती आहे. छोटी लाइन म्हणजे गोंदियाला जाणारी अरुंद रुळांची गाडी. नैनपूर-बालाघाटमार्गे जंगलातून रमतगमत ती जायची. विदर्भात माहेर असलेल्या सुनांची ती खास गाडी. २०१५ मध्ये ती जबलपूरच्या बाजूनं बंद झाली आणि रूळ रुंद झाले. फाटकापाशी रिक्षावाला मात्र अजून “छोटी लाइन, छोटी लाइन” असंच ओरडतो, आणि बसणाऱ्यांत ती गाडी न पाहिलेली पोरं असतात.

रस्त्यांची आणि शहरांची वर्णनं मराठीत लिहून ठेवायची चालही जुनी आहे. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये आलं, ना. वि. जोशी यांचं पुण्यावरचं पुस्तक १८६८ मध्ये. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत झाशीत अडकले. त्यांनी तिथले रस्ते, हवेल्या, बाजार जसे पाहिले तसे लिहिले आणि ‘माझा प्रवास’ पुढे १९०७ मध्ये छापून आलं. कोकणातल्या वरसईचा भिक्षुक बुंदेलखंडातल्या शहरातून जीव मुठीत धरून चाललाय आणि तरी वाड्यांची मांडणी त्याच्या नजरेतून सुटत नाही. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत वाटेखाली येणारे वाक्प्रचार वाचताना त्या काळच्या माणसानं किती पायपीट केली असेल ते कळतं.

नवे रस्ते आता नवे शब्द मागतात. सरकारी पाटी ‘बाह्यवळण रस्ता’ म्हणते, माणसं ‘बायपास’ म्हणतात. त्यातही शेपूट सांभाळावं लागतं. “तो बायपासला असतो” म्हणजे त्याचा ढाबा आहे किंवा टायरचं दुकान आहे. “त्याची बायपास झाली” म्हणजे भेटायला जाताना नारळपाणी न्या. ‘फ्लायओव्हरखाली’ ही आता भाजी घ्यायची जागा झाली आहे, आणि ‘सिग्नलला’ हा पत्त्याचा भाग.

मावशीचा मुलगा परवा फोनवर सांगत होता. महामार्ग चौपदरी झाल्यापासून जबलपूरहून येणारे पाहुणे गाडीनंच येतात, आगगाडीनं फार थोडे. त्यामुळे स्टेशनच्या बाजूनं गावात शिरणारा रस्ता त्यांना माहीतच नसतो. फोनमधला नकाशा त्यांना सिहोरा रोड म्हटलं की स्टेशनावर नेऊन उभं करतो आणि सिहोरा म्हटलं की भंडाऱ्याचं विचारतो. मग तो घराबाहेर येतो, तिगड्ड्यावर जाऊन उभा राहतो आणि हात हलवतो. “तू कुठं उभा आहेस?” असं पाहुणे विचारतात. तो म्हणतो, “रस्त्यावर.”